बगळे आले नाहीत

2022 सालचा मे महिना. आमच्या खालच्या रानात ट्रॅक्टर चालला होता. टोमॅटोची बाग संपली होती. बांबू काढून कडेला रचले होते, तारा गुंडाळल्या होत्या, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी शेडमध्ये गेली होती. जमिनीवर अंथरलेल्या मल्चिंग पेपरचे, म्हणजे पातळ प्लॅस्टिकचे, हाताला लागतील तेवढे तुकडे आम्ही दोन दिवस वेचले होते. उरलेले आता फाळाबरोबर वर येऊन वाऱ्यावर फडफडत होते. आबा, म्हणजे माझे सासरे, बांधावरच्या आंब्याखाली बसले होते. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. चहा बशीत ओतता ओतता ते ट्रॅक्टरच्या मागे बघत राहिले आणि म्हणाले, "आज बगळे न्हाई आले गं?"

"येतील की, आबा."

दोन एकर रान उलटं झालं. ऊन कललं, ट्रॅक्टरवाला पैसे घेऊन गेला. एकही बगळा आला नाही. आबांनी परत विचारलं नाही. बशी कपावर पालथी घालून माझ्या हातात दिली आणि काठी टेकत घराकडे निघाले.

त्यांनी परत विचारलं असतं तर कदाचित मी विसरूनही गेले असते. ऊन फार होतं, बगळे दुसरीकडे गेले असतील, असं काहीतरी बोलून मोकळी झाले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला जाताना ओढ्याकाठच्या रानात ते दिसले. तिथे एकजण बाजरीसाठी नांगरट करत होता. त्या माणसाकडे पाच-सहा जनावरं आहेत, भाजीपाला तो फारसा करत नाही. ट्रॅक्टरच्या मागे, अगदी फाळाला लागून, तीस-चाळीस पांढरे बगळे चालत होते. दोन पावलं टाकायची, मान खाली, चोच मातीत, पुन्हा दोन पावलं. त्यांच्यात साळुंक्या होत्या, दोन-तीन कोतवाल होते. आमच्या रानापासून ते रान चारशे-पाचशे पावलांवर. म्हणजे बगळे गावात होते. आमच्याकडे उतरावं असं त्यांना वाटलं नव्हतं.

माझं माहेर पारनेरकडचं, कोरडवाहू. लहानपणी दादांच्या नांगरामागून अनवाणी चालायचा आम्हा भावंडांना नाद होता. वरची माती चटका देणारी आणि सरीतली, नुकती उघडी पडलेली, गार. पायाला तो गारवा लागला की अंगावर शहारा यायचा. आणि वास. पहिल्या पावसाच्या वासाचं कौतुक सगळेच करतात, पण नांगरलेल्या मातीचा वास त्याहून जड असतो, थोडा कुजकट, थोडा गोड, उकिरड्याच्या तळातल्या जुन्या खतासारखा. पुढे कॉलेजात बीएस्सीला असताना कळलं की हा वास मातीतल्या सूक्ष्म जिवांचा आहे. ॲक्टिनोमायसिटीज नावाचे जिवाणू तो तयार करतात. तेव्हा ती परीक्षेपुरती माहिती होती. त्या मे महिन्यात मी आमच्या नांगरलेल्या रानातलं ढेकूळ उचलून नाकाशी धरलं. धुळीचा वास आला, आणि त्यामागून उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचा. तिसरा वास शोधत मी बराच वेळ उभी होते.

आमचा जुन्नर तालुका टोमॅटोचा. नारायणगावच्या बाजारात हंगामात कॅरेटच्या थप्प्या लागतात, देशभरचे व्यापारी येऊन राहतात, पहाटेपासून गाड्या भरतात. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या रानातून दिसतात, कुकडीचं पाणी आहे, बिबट्याच्या भीतीनं रात्रीचं पाणी द्यायला दोघांनी जायचं, असं हे गाव. मी 1999 साली लग्न होऊन आले तेव्हा रानात पाट होते आणि गोठ्यात सात जनावरं. दिवाळी झाली की मेंढपाळ कोकणात उतरायला निघत. आबा रस्त्यावर जाऊन त्यांना गाठायचे. आपल्या रानात दोन रात्री वाडा बसवा म्हणून आर्जव करायचे, बदल्यात धान्य द्यायचे. दोन-तीनशे मेंढरं रात्रभर रानात बसली की सकाळी सगळीकडे लेंड्या आणि मुताचा उग्र दर्प. मला तेव्हा तो सहन होत नसे, पदर नाकाला लावायचे. आबा मात्र त्या रानातून सावकाश चक्कर मारायचे, पाहुण्यांच्या पंगतीतून फिरावं तसे.

मग ठिबक आलं. ते आलं हे चांगलंच झालं; दुष्काळी वर्षांत त्यानंच तारलं आणि त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पाठोपाठ पाण्यात विरघळणारी विद्राव्य खतं आली, बेड म्हणजे गादीवाफे आले, 25 मायक्रॉनचा पेपर आला. जनावरं एकेक करून विकली, कारण वैरण करायची तर भाजीचं रान अडतं. उकिरड्याच्या जागेवर शेड झालं. शेणखत विकत घ्यायचं तर ट्रॉलीचा भाव ऐकूनच आपण म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. आणि टोमॅटोला तर काहीच कमी पडत नव्हतं. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांवरून या खतांची नावं: आज 19:19:19, आठवड्यानं 12:61:0, मग 0:52:34, नळीतून थेट मुळाशी. माती फक्त झाड उभं राहायला लागत होती. त्यातही बांबू आणि सुतळी होतीच.

फवारणीची वही आमच्या घरात मी लिहिते. तारीख, औषधाचं नाव, पंपाला किती, कशासाठी. बगळे न आल्यानंतर त्या रात्री मी त्या हंगामाची वही काढून मोजत बसले. रोपं लावल्यापासून शेवटच्या तोड्यापर्यंत 27 फवारण्या आणि 9 आळवण्या, म्हणजे मुळाशी औषध ओतणं. पांढरी माशी, मावा, फुलकिडे, नागअळी, फळ पोखरणारी अळी, लवकर येणारा करपा, उशिरा येणारा करपा, मर. काही पानांवर 'कशासाठी' हा रकाना मोकळाच होता. शेजाऱ्यानं मारलं म्हणून, ढग आले म्हणून, दुकानात गेलोच होतो म्हणून. ह्यांचे फवारणीचे कपडे मी वेगळे भिजवते, वेगळ्या दगडावर धुते, तरी त्यांचा वास जात नाही. 2017 साली यवतमाळला कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हा बातम्या बघताना ह्यांनी टीव्ही बंद केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप पाठीवर होताच. बागेत माल लागलेला होता.

इतकं करून आम्ही वाचलो होतो का? 2020 चा उन्हाळा आठवतो. लॉकडाऊन, बाजाराचं काही खरं नाही, आणि त्यातच फळं तिरंगी व्हायला लागली. अर्धं लाल, अर्धं पिवळं, मध्ये हिरवट डाग, कापलं तर आतून कडक आणि काळपट. 'तिरंगा' असंच नाव पडलं त्याला. जुन्नर, संगमनेर, अकोले, सगळीकडे हीच रड. झाडं वरून हिरवीगार दिसायची आणि तोड्याला हात लावला की रडू यायचं. नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले आणि कुकुंबर मोझॅक व्हायरसचं नाव पुढे आलं. हा विषाणू मावा पसरवतो, आणि पसरवतो तो काही सेकंदांत. नुसती सोंड टोचून चव बघितली तरी रोग लागतो. म्हणजे फवारलेल्या पानावर बसलेला मावा विषानं मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. आम्ही त्या महिन्यात दर तिसऱ्या दिवशी फवारलं होतं. मावा खाणारे ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या, हे सगळं त्यात आधीच संपलेलं. मावा मात्र आठवड्याभरात पुन्हा उभा राहतो, त्याची मादी पिलंच घालते, अंड्याची वाटही बघत नाही.

बगळ्यांच्या त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात एक गोष्ट केली. खालच्या रानातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ आणलं आणि बांधावरच्या आंब्याखालचं तेवढंच दुसरं. काचेचे दोन ग्लास पाण्यानं भरले, चहाच्या दोन गाळण्या त्यांच्या तोंडावर अशा ठेवल्या की ढेकूळ पाण्यात बुडेल. रानातल्या ढेकळातून आधी बुडबुडे आले. मग ते कडेनं सुटायला लागलं, भिजलेल्या बिस्किटासारखं. भाजी फोडणीला टाकून वळून बघितलं तर गाळणी रिकामी होती आणि ग्लासात गढूळ कढण. आंब्याखालचं ढेकूळ तसंच्या तसं. मी जेवणं उरकली, भांडी घासली, झोपताना बघितलं तरी ते गाळणीत बसून होतं, पाणी जवळजवळ नितळ. बोटानं दाबलं तर मऊ, पण सुटेना.

माती तीच. एकाच दगडाची, एकाच पावसाची. आबांच्या आजोबांनी एकाच दिवशी मोडलेली.

मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतं ते जिवंत असतं, किंवा जिवंत असलेल्यानं मागे ठेवलेलं असतं. बुरशीचे दोरे, जिवाणूंचा डिंक, गांडुळाची विष्ठा, बारीक मुळं. आंब्याखाली पाला पडतो, कुजतो, कोणी उलथापालथ करत नाही. रानात आम्ही वर्षातून दोनदा नांगर, दोनदा रोटर घालतो. माती मोकळी झाली, हवा शिरली की आत राहिलेला कर्बही जिवाणू भराभर खाऊन टाकतात आणि तो हवेत जातो. नवं काही आम्ही टाकत नव्हतो. माती तपासली तेव्हा सेंद्रिय कर्ब 0.34 टक्के आला. स्फुरद मात्र भरपूर, गरजेपेक्षा कितीतरी वर, आणि तरीही आम्ही दर बागेला बेसल डोसमध्ये, म्हणजे लागवडीच्या वेळी, डीएपी हे स्फुरदाचं खत टाकत होतो. टोमॅटोच्या मुळांशी राहणारी एक बुरशी आहे, मायकोरायझा. झाड तिला साखर देतं, ती लांबून स्फुरद आणि पाणी आणून देते. मुळाशी आयतं स्फुरद असलं की झाड तिला साखर देणं थांबवतं. ती निघून जाते. मग मुळाच्या भोवतीची ती जागा मोकळी राहते, आणि मर रोगाची बुरशी तिथे येऊन बसते. हे वाचलं तेव्हा मी डीएपीच्या रिकाम्या गोण्यांवर धान्य वाळत घातलं होतं, त्या गोण्यांकडे किती तरी वेळ बघत राहिले.

ह्यांना सांगितलं. ते चिडले नाहीत, पण म्हणाले, "सोसायटीचं कर्ज मातीला विचारून फिटत नाही." खरं होतं ते. शेवटी अर्धा एकर ठरला, आंब्याला लागून असलेला. 2023 च्या उन्हाळी लागवडीत तिथे टोमॅटो न लावता हिरवळीच्या खतासाठी ताग पेरायचा. मे महिन्यात टोमॅटोचे भाव इतके पडले की तोडणीची मजुरी निघेना. लोकांनी उभ्या बागांत मेंढ्या सोडल्या, रस्त्याकडेला ढीग ओतले. तेव्हा शेजारी म्हणाले, तुमचं बरं झालं, अर्धा एकर वाचला. ताग कमरेएवढा होऊन वाऱ्यावर सळसळत होता. पंचेचाळीस दिवस झाले, फुलावर यायच्या आत तो गाडला. आणि जुलैत नारायणगावात 20 किलोचं कॅरेट 2,000 रुपयांच्या वर गेलं. ज्यांनी बागा सोडल्या नव्हत्या त्यांनी त्या एका महिन्यात घरं बांधली. आमच्या दीड एकरात माल होता, आम्हालाही पैसे झाले. पण अर्ध्या एकराचा हिशोब घरात रोज जेवताना मांडला जायचा, न बोलता. ह्यांनी एकदाही टोमणा मारला नाही. त्यामुळे मला ते जास्त लागलं. रात्री झोप यायची नाही. मी उठून अंगणात बसायचे आणि वाटायचं, बगळ्यांपायी आपण लेकीच्या शिक्षणाचे पैसे मातीत गाडले का? आजही या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. जमिनीला वर्षभर विसावा द्या, असं सांगणं सोपं आहे. भाजीच्या बाजारात तो विसावा नेमक्या कोणत्या महिन्यात महाग पडेल हे कोणालाच आधी कळत नाही.

पुढे शिकत गेलो. चुकतही. शेणखतात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपकारक बुरशी, मिसळून, ओल धरून, गोणपाटाखाली आठवडाभर झाकून ठेवला. उघडला तेव्हा खतावर हिरवट साय धरली होती. बेडवर टाकला. पाचव्या दिवशी चार रोपं माना टाकताना दिसली, ह्यांचा जीव घाबरा झाला आणि कार्बेन्डाझिमची आळवणी करून मोकळे झाले. रोगाची बुरशी मारणारं औषध आमचीही बुरशी मारतं, हे त्या घाईत दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आठवड्याची मेहनत एका सकाळी धुऊन गेली. त्यानंतर आम्ही एक नियम केला: वहीत 'कशासाठी' हा रकाना आधी भरायचा, मग दुकानात जायचं. पंचवीस झाडं फिरून बघायची, पानं उलटायची, मोजायचं, लिहायचं. आणि ट्रायकोडर्मा टाकल्याची तारीख लाल पेनानं.

टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतो. झेंडूचं रोप चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं आणि टोमॅटोचं पंचवीस दिवसांचं, म्हणजे दोन्ही एकदम फुलावर येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो. झेंडूची मुळं सूत्रकृमींनाही, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक जंतांनाही, जाचक असतात. उपटलेल्या टोमॅटोच्या मुळांवर पूर्वी हळकुंडासारख्या गाठी दिसायच्या, त्या त्या भागात कमी झाल्या. कडेनं मका. पिवळे चिकट सापळे, टुटा या किडीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे. ही नागअळी आपल्याकडे पहिल्यांदा 2014 साली सापडली, महाराष्ट्रातच, आणि आता ती घरच्यासारखी राहते. मागच्या वर्षी तिनं आम्हाला गाठलंच. सापळ्यात पतंग वाढत गेले, पानांवर चट्टे आले, दोनदा रासायनिक औषध मारावं लागलं. मारलं. अर्ध्या एकरात त्या हंगामात एकूण 13 फवारण्या झाल्या, त्यातल्या सहा निंबोळी अर्काच्या. शून्यावर आलो असं मी कोणालाही सांगत नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते खुरपायला येणाऱ्या मावशींनी. बांधणी, खुडणी, तोडा, सगळ्या वेळा त्यांचे हात झाडात असतात, पण कोणतं औषध आणायचं हे ठरवताना त्यांना कोणी विचारत नाही. एकदा त्यांनी मला हाक मारली. "ताई, ही आळी बघा, शेंड्याला जाऊन उलटी टांगलीय." अळी काळी पडली होती, मागच्या पायांनी लटकत होती, अंग पाण्याच्या पिशवीसारखं. त्यांनी अशा आठवडाभरात पाच-सहा पाहिल्या होत्या, फक्त आमच्या या तुकड्यात. तो एनपीव्ही हा अळीचा विषाणू. अळीला मरणाआधी उंच चढायला लावतो, म्हणजे अंग फुटलं की खालच्या पानांवर तो पसरतो. बाटलीत विकत मिळतो तोच इथे आपोआप आला होता. मी त्या दिवशी मावशींबरोबर बांधावर बसून त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली.

2024 पासून त्या अर्ध्या एकरात नांगर घातलेला नाही. बेड तेच ठेवलेत. टोमॅटो संपला की झाड उपटत नाही, बुडातून कापतो. मूळ आत कुजू देतो. रोगट झाडं तेवढी बाहेर नेऊन नष्ट करायची. त्याच बेडवर घेवडा टोकायचा, मग मधल्या काळात ताग, तो विळ्यानं कापून तिथेच अंथरायचा. कोबी-फ्लॉवर मात्र या तुकड्यात घेत नाही. त्यांच्या कुळाचं त्या मुळाशी राहणाऱ्या बुरशीशी जमत नाही. मल्चिंग पेपरही नाही, त्यामुळे खुरपणी वाढली आहे आणि ती मजुरी वहीत स्पष्ट दिसते. कर्ब मागच्या तपासणीत 0.47 आला. उत्पन्न दीड एकरातल्या बागेच्या मानानं थोडं कमीच आहे. पण जूनमधल्या मोठ्या पावसात दीड एकरातून गढूळ पाणी ओढ्याला लागलं, आणि या तुकड्यात ते जिरत होतं. ह्यांनी छत्री घेऊन पावसात उभं राहून ते पाहिलं. घरी येऊन म्हणाले, "पुढच्या साली अजून अर्धा घेऊ."

आणि यात एक गोष्ट अशी झाली की जिचा मी आधी विचारच केला नव्हता. ज्या रानात आता बगळ्यांसाठी काही असेल, ते रान आम्ही नांगरत नाही. जे नांगरतो, तिथे ते अजून येत नाहीत. म्हणजे आबांना जे बघायचं होतं ते मी त्यांना दाखवू शकत नाही.

आबांना आता नीट दिसतही नाही. दिवसभर पडवीत खाटेवर असतात. गेल्या महिन्यात घेवड्याच्या ओळीत मी कुदळीनं टीचभर खड्डा घेतला, वरचा तागाचा काला बाजूला सारून. माती काळपट, रव्यासारखी मोकळी झाली होती. ती घमेल्यात भरून तशीच घरी नेली आणि खाटेजवळ ठेवली. "आबा, खालच्या रानातली आहे. आंब्यालगतची." त्यांनी हात पुढे केला, चाचपत घमेल्यात घातला, मूठ भरली आणि नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग मूठ उघडली, तर बोटांच्या फटीतून एक गांडूळ वळवळत बाहेर आलं. त्यांनी ते दुसऱ्या हाताच्या बोटानं हळूच चाचपून बघितलं.

"जा, लवकर सोडून ये परत," ते म्हणाले. "ऊन लागंल त्याला."